सामावून घेणारे शांतारामपंत

एका जंगलात, मुलांनो, सगळी कामं बरी चालली होती, आणि म्हणूनच वाघमहाराजांना वाटलं की बाहेरून कुणालातरी बोलवावं.

या जंगलात एक पाणवठा होता. तिथे रंगूताई भेकर कामाला होत्या. भेकर म्हणजे लहानसं हरीण, पण आवाज थेट कुत्र्याचा. धोका दिसला की भुंकायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्या मन लावून करत. सोबत तिघे जुने सहकारी होते. ससा गवत कुरतडून पायवाट मोकळी ठेवायचा. झिपरू माकड वरून फळं टाकायचं. दामू रानडुक्कर झरे उकरायचा.

शिवाय शांतारामपंत अजगर होते. ते कुठल्या पदावर आहेत हे कुणालाच सांगता येत नसे. पण ज्या तऱ्हेने ते दिवसभर पडून राहत, त्यावरून ते वरिष्ठ असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

तर थंडीत उत्तरेकडून एक करकोचा आला. डॉक्टर सारंगधर त्याचं नाव. तो एका पायावर उभा राहून विचार करी, त्यामुळे फार विद्वान वाटे. कोण किती काम करतं हे बघणं आता जुनं झालं, कोण कुणाला किती हवंसं वाटतं ते बघायला हवं, असं त्याने महाराजांना पटवलं. मग त्याने प्रत्येकाला गारगोट्या वाटल्या. जो सहकारी आवडतो, त्याच्यापुढे त्या ठेवायच्या.

नेमकं गारगोट्या ठेवायच्या आदल्या दुपारी शांतारामपंतांनी सशाला गिळलं. रंगूताईंनी ते पाहिलं. त्या जीव तोडून भुंकल्या. झिपरू दचकून फांदीवरून पडला आणि दामूची झोपमोड झाली.

दुसऱ्या दिवशी पंतांपुढे गारगोट्यांची रास लागली. रंगूताईंपुढे एक आली, तीही चुकून घरंगळत. सशाच्या नावावर ‘न कळवता रजा’ असा शेरा पडला.

रंगूताई पुढे झाल्या. “डॉक्टर, ससा रजेवर नाही. तो पंतांच्या पोटात आहे.”

सगळ्यांनी पंतांच्या पोटाकडे पाहिलं. मधोमध फुगवटा होता, दोन कानांसकट.

डॉक्टरने पाय बदलला. “सशाची स्वतःची काही तक्रार आहे का?”

नव्हती.

तरी रीत म्हणून पंतांना विचारण्यात आलं. ते हळू आवाजात म्हणाले, की ससेबुवांना आपण कधी अंतर दिलं नाही आणि देणारही नाही. “मला सगळ्यांना सामावून घ्यायला आवडतं,” ते म्हणाले. दामूच्या डोळ्यांत पाणी आलं.

रंगूताईंचा सूर नकारात्मक आहे, असं डॉक्टरने ठरवलं. पुढच्या थंडीपर्यंत त्यांनी पंतांच्या सहवासात राहून चार गोष्टी शिकाव्यात, असं सांगून तो उडून गेला.

रंगूताईंना फार लागलं ते. आपण ओरडलो म्हणून कुणी तरी बरं म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी झिपरूला एकट्याला गाठून विचारलं, तू तर वरून सगळं पाहिलं होतंस ना?

“पाहिलं, ताई,” झिपरू म्हणाला. “पण तुम्ही रागावलात तर फार तर भुंकाल. ते रागावले तर? मला रोज त्यांच्या वरच्याच फांदीवर बसायचं असतं.”

मग रंगूताई पंतांजवळ बसू लागल्या. पंत खरोखरच बोलायला गोड. घरच्यांची चौकशी करत. तब्येत सांभाळा म्हणत. हल्ली वजन किती भरतं, हे तर आवर्जून विचारत. रंगूताईंनी भुंकणं सोडलं. त्याबरोबर दामू त्यांना कंद आणून देऊ लागला, झिपरू हसून बघू लागला. खरं सांगायचं तर रंगूताईंना ते आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण चौघांतले झालो, असं त्यांना वाटलं.

तेव्हा ते चौघं अजून चौघं होते. पावसाळ्यात एका दुपारी पंतांनी झिपरूला गिळलं. रंगूताईंनी भुंकणं गिळलं. त्या दिवशी दामूने त्यांच्या समजूतदारपणाचं फार कौतुक केलं. नंतर दामूही दिसेनासा झाला. त्यानंतर रंगूताईंना अन्न गोड लागेना. पाण्याला तोंड लावलं की त्यांना स्वतःचंच तोंड दिसे, आणि ते मिटलेलं असे.

थंडीत डॉक्टर सारंगधर परत आला आणि पाणवठा बघून थक्क झाला. भांडण नाही, गटबाजी नाही, कुणाचा कुणाशी मतभेद नाही. “इतकी एकी मी कुठेच पाहिली नाही,” असं म्हणत तो पंतांना शाबासकी द्यायला पुढे निघाला.

पंतांनी वेटोळं जरा सैल केलं.

रंगूताईंना राहवलं नाही. वर्षभराचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. त्या अशा भुंकल्या की पलीकडची टेकडी दणाणली.

डॉक्टरने मान वळवली. “पुन्हा तोच सूर,” तो खिन्नपणे म्हणाला, आणि रंगूताईंची गारगोटी काढून घ्यायला वाकला. तो वाकला तो तसाच आत गेला. पाय तेवढे बराच वेळ बाहेर होते. शेवटपर्यंत एकच पाय टेकलेला होता.

वाघमहाराजांनी डॉक्टरांबद्दल विचारलं, तेव्हा पंत म्हणाले की ते अजून खोलात शिरले आहेत. महाराजांना समाधान वाटलं.

रंगूताईंनी ते जंगल सोडलं. टेकडी ओलांडून दुसऱ्या जंगलात काम मागितलं. तिथे आधीच्या सहकाऱ्यांचं मत घ्यायची पद्धत होती. तिथल्या प्राण्यांनी एका कोतवाल पक्ष्याला चौकशीला पाठवलं. आधीचे सहकारी म्हणून त्याला एकटे पंतच भेटले.

पंत अगदी मोठ्या मनाने बोलले. “रंगूताईंशी आमचं फार जमत आलं होतं. अजून थोडा सहवास मिळता, तर त्या आमच्यातल्याच एक झाल्या असत्या.”

सोडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल इतकं आपुलकीने बोलणारं जनावर त्या जंगलात कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी रंगूताईंना नकार कळवला आणि पंतांना सन्मानाने बोलावून घेतलं.

रंगूताई आता मधल्या टेकडीवर राहतात आणि कुणी न नेमताच भुंकतात. या आवाजाचा बंदोबस्त करावा, यावर दोन्ही जंगलांचं एकमत आहे.

तात्पर्य काय, मुलांनो? आपल्याबद्दल कुणाची तक्रार राहू नये असं वाटत असेल, तर तक्रार करणाऱ्याला मनापासून जवळ घ्यावं. आणि एखादा सहकारी शांत, गोड आणि सगळ्यांना सामावून घेणारा असेल, तर त्याच्यापुढे गारगोट्या वेळेवर ठेवाव्यात. पुढे हात मोकळे मिळतीलच असं नाही.