घोडेस्वाराचे चार इंच

सकाळी सात वाजता, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या बेताला, दारावर लाल पेनानं टकटक करणारा माणूस जबलपुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. खापरेकाका बेल वाजवत नाहीत. दार उघडलं की ना नमस्कार, ना चमत्कार. "सुनंदा, पुस्तक आण. दुरुस्ती आहे."

मी मुळात चिडकीच आहे, पण काकांनी त्यात बरीच भर घातली आहे.

पुस्तक म्हणजे त्यांच्या लढाईच्या खेळाचे नियम. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर, तिच्याखाली उशा खुपसून केलेल्या टेकड्या आणि वर अंगठ्याएवढे शिशाचे शिपाई. ते पट्टीनं मोजून सरकवायचे, फासे टाकून मारायचे. शिपायांना काकूंनी रंग दिले होते, मिशांसकट. काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. नियम मात्र काकांचे. बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या छापखान्यातून त्यांनी चाळीस पानी पुस्तिका छापून घेतली आणि बावीस जणांना फुकट वाटली. खेळणारे बहुतेक हिंदीवाले, म्हणून पुस्तक हिंदीत. हरताना शिव्या तेवढ्या मराठीत. मी एकदाच खेळले, हरले आणि नाद सोडला. पुस्तक राहिलं माझ्याकडे, चपलांच्या कपाटावर.

आता नियम बदलला तर माणूस फोन करून सांगेल की नाही? छे! काकांची सगळी नोकरी इथल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये गेली. तिथली रीत अशी, की नकाशातला आकडा बदलला की जिथे जिथे त्याची प्रत असेल तिथे स्वतः जाऊन हातानं दुरुस्ती करायची. जुना आकडा खरवडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही, तारीख. रिटायर झाल्यावर ही रीत त्यांनी घरी आणली. पार सदर बाजारापर्यंत पायी जातात. एक प्रत सिहोऱ्याला बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या तिवारीजींकडे आहे. एका आकड्यासाठी हे बसनं सिहोऱ्याला! भर उन्हात! वय वर्षं बाहत्तर!

माझ्याकडे ते कपाटापाशी उभ्या उभ्या लिहायचे. मी "कुकर लावलाय, काका" म्हणून आत जायचे. काय बदललं ते बघायची तसदी मी कधी घेतली नाही.

मागच्या महिन्यात शाळेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग समोर असताना टकटक झाली आणि माझं डोकंच फिरलं.

"काका, पीडीएफ करून टाका ना त्या पुस्तकाची! एका मिनिटात सगळ्यांच्या फोनवर. फुकटात!"

"फुकट तर हेही आहे. मी काय विकून राहिलो?"

"मग छापलेलंच कशाला हवं?"

"अच्छा! फोनमधला नियम कोणी बदलला, कधी बदलला, काहून बदलला, पत्ता लागते का?" लाल पेन माझ्या नाकासमोर नाचू लागलं. "चढावर घोडेस्वार काल चार इंच जात होता, आज पाच जाते. खालचे चार कुठे गेले? गायब! हे काय नियम झाले? हवा झाली हवा!"

"आणि एका आकड्यासाठी तुम्ही लोकांची सकाळ खाता, त्याचं काय?"

तोंडातून निघून गेलं. काकांनी कपाटापाशी उभ्या उभ्या आपली दुरुस्ती केली, पेनाला टोपण लावलं आणि गेले.

मी तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण माझा राग असा लगेच निवत नाही. छापखान्यात मूळ फाइल होती, ती मागवली, घोडेस्वाराला पाच इंच दिले आणि पीडीएफ ग्रुपवर टाकून दिली. पुस्तकवाल्या सगळ्यांचा फोनवरचा ग्रुप, धडाधड अंगठे आले. "बहुत बढ़िया, दीदी!" काकाही ग्रुपवर होते.

टकटक बंद झाली. पहिला आठवडा मला फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी चडफडू लागले, एवढं रुसायचं काय त्यात? तिसऱ्या आठवड्यात तिवारीजींचा फोन आला. तेही तापलेले.

"दीदी, ये आपने क्या कर दिया? भैया का आना ही बंद हो गया! ज़रा अपनी किताब खोलिए. नियम चौदह."

मी खोललं. चढावरचा घोडेस्वार. चार, त्यावर रेघ, शेजारी पाच. पाचावर रेघ, चार. चारावर रेघ, पुन्हा पाच. समास संपला तिथे कागदाची पट्टी चिकटवलेली, तिला जोडून आणखी पट्ट्या आणि सगळ्यांवर चार, पाच, चार, पाच, अगदी शेवटी पाच. प्रत्येकाखाली सही, तारीख. सगळं स्वच्छ वाचता येत होतं, काकांच्या रीतीप्रमाणे. पहिली तारीख काकू गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यातली होती. चाळीस पानांत बाकी एकाही अक्षराला हात लावलेला नव्हता.

"मुझे तो तीसरी बार में समझ आ गया था," तिवारीजी म्हणाले. "मैं चाय चढ़ा देता था."

पंचवीस वर्षं मी लाल पेनानं दुसऱ्यांच्या चुका काढते आहे. त्या दिवशी मला माझाच असा संताप आला की मी फोन तसाच ठेवून दिला. चार वर्षं हा माणूस माझ्या चपलांपाशी उभा राहिला आणि मी त्याला एकदाही बसा म्हटलं नाही.

तशीच शेजारी गेले. टेबलावर हिरवी चादर घडी घालून ठेवलेली होती.

"काका, तुमचा नियम चौदा साफ चुकलाय!" गोड बोलणं मला जमतच नाही. "चढावर घोडा पाच इंच कसा जाईल? दमणार नाही का तो? चारच हवेत."

"मग बदल ना तुझ्या पीडीएफमध्ये. एका मिनिटात होते."

"पीडीएफ राहू द्या तिथे. माझ्या पुस्तकात सही कोण करणार?"

काकांनी खिशातलं लाल पेन चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "चलो, उद्या येतो."

सातला टकटक झाली. काका कपाटावर वाकले. रेघ, चार, सही, तारीख. पेनाला टोपण लावून वळले. "चलतो. तुझा कुकर लागला असेल."

"नाही लावला, काका. बसा."

आत शिट्टी झाली, चांगली लांबलचक. दोघांनीही ऐकली. काका चपला काढून आत आले.