ढमढेरेंचा दहावा सर्व्हर

आमच्या खराडीच्या ऑफिसात ढमढेरे रोज सकाळी सर्व्हरची हजेरी घेत. उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, हातात लांबट वही धरून. "कोथरूड एक?" असं मोठ्याने विचारायचं, स्क्रीनकडे बघायचं आणि लाल पेनाने खूण करायची. सर्व्हर काही बोलत नाही, म्हणून "हजर" तेच पुटपुटत. असे नऊ व्हायचे.

हे नऊ व्हीपीएन सर्व्हर म्हणजे घरून काम करणाऱ्यांनी कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची दारं. कुठलं दार कधी कुरकुरतं हे ढमढेरेंना तोंडपाठ होतं. माझं नाव मात्र सहा वर्षं शेजारी बसूनही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी त्यांच्या लेखी नुसता "अहो".

"नोंद आहे का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. नेट हळू चालतंय म्हटलं तर, "नोंद आहे का? नसेल तर ती अफवा." एकदा कुणीतरी वाढदिवसाचा केक पुढे केला, तेव्हाही तेच विचारलं. केक मात्र खाल्ला, आणि किती वाजता खाल्ला ते लिहून ठेवलं. कसबा पेठेत एकटेच राहायचे. दोन बस बदलून यायचे आणि दुपारी स्क्रीनकडे तोंड करून डबा खायचे.

मग आमच्या विभागप्रमुख नेहा मॅडमनी एआय एजंट आणला. त्याला विचारायचं आणि त्याने दोन सेकंदांत सगळ्या सर्व्हरची यादी द्यायची. महिनाभर ढमढेरेंनी ती यादी वहीशी ताडून पाहायची, आणि तीसही दिवस जुळली तर ढमढेरेंची जागा बंद. म्हणजे आपल्या गळ्यातला फास नीट बसतोय ना, हे तपासायचं कामही त्यांनाच. मॅडमनी हे हसतमुखाने सांगितलं. आमच्याकडे वाईट बातमी हसतमुखानेच सांगतात. एजंटशी झालेलं सगळं बोलणं वाचून महिनाअखेर अहवाल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी ढमढेरेंनी दहा मिनिटं खपून लिहिलं, "सप्रेम नमस्कार. आपल्या सवडीने पुणे नेटवर्कमधील व्हीपीएन सर्व्हरची यादी कळवावी. कळावे."

"अहो, नुसतं 'यादी दे' म्हणा की," मी म्हणालो.

"ओळख नसताना अरेतुरे? आमच्या पेठेत चालत नाही."

यादी आली. नऊच्या नऊ. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशीही नऊ. मी देवाचं नाव न घेणारा माणूस, पण रोज मनात म्हणायचो, मेल्याला एक तरी विसरू दे. मेला विसरत नव्हता. महिना संपला. तीसही दिवसांपुढे ढमढेरेंच्या अक्षरात "जुळली".

अहवालासाठी मी संभाषणं वाचायला घेतली आणि सव्विसाव्या दिवसाच्या संभाषणापाशी थबकलो. त्याच आठवड्यात नागपूरकरांसाठी पुण्याच्याच नेटवर्कमध्ये दहावा सर्व्हर लागला होता. एजंटने नऊच सांगितले होते. आणि वहीत "जुळली". नोंदीवाचून केकही न खाणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली होती.

संभाषणात त्या यादीखाली त्यांनी एजंटला लिहिलं होतं, "घाबरू नका. नवा सर्व्हर बघायची परवानगी तुम्हाला कोणी दिलीच नव्हती. आता मी दिली आहे. वर कळवत नाही. माझंही पहिल्या महिन्यात एक नाव राहिलं होतं."

मी पुढचं न वाचताच तेवढा भाग कागदावर छापून त्यांच्यापुढे ठेवला. "हे मॅडमना दाखवतो. तुमची नोकरी वाचेल."

"दाखवू नका," ते म्हणाले. "नवीन आहे ते. पहिल्याच महिन्यात नावापुढे शेरा नको."

"अहो, ते यंत्र आहे."

"असेल. सांभाळून घेणारं कुणी लागतंच की."

"आणि तुम्हाला कोण सांभाळून घेणार?"

त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि वहीत ठेवली. मी मॅडमना काही सांगितलं नाही. ढमढेरेंनी नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला समजावतो. खरं म्हणजे माझ्यात तेवढी धमक नव्हती. ढमढेरे महिन्याभराने कंपनीतून गेले. निरोपाला समोसे होते.

त्या दिवसाचं उरलेलं संभाषण मी ते गेल्यावर वाचलं. परवानगी मिळताच एजंटने दहा नावांची यादी दिली होती आणि खाली, सगळ्यांना विचारतो तसं, विचारलं होतं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

सहा वर्षांत हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारायचो ते नेट कधी येणार एवढंच.

ढमढेरेंनी लिहिलं होतं, "थोडं थांबता का? विचार करून सांगतो."

अर्ध्या तासाने त्यांची एकच ओळ होती.

"काही सुचलं नाही. पण विचारलंत, बरं वाटलं."