भिंतीपलीकडचं नाव

केशवआबांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतो, चष्म्याचं घर नसतं; टेप असतो. पाच मीटरचा, लोखंडी, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारा. सगळी नोकरी जमीन मोजण्याच्या खात्यात, लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर शेतं सुटली, टेप सुटला नाही. लग्नात जेवायला बसले तरी आधी दोन पंगतींमधली जागा मोजतात आणि वाढप्याला सांगतात, "इथून बादली जाणार न्हाई. वरण सांडंल." आणि वरण सांडतं. हीच त्यांची मोठी पंचाईत आहे. विक्षिप्त माणूस निदान चुकीचा तरी असावा, म्हणजे शेजाऱ्यांना मोकळेपणानं हसता येतं.

माझे वडील गेले त्या दिवशी घरात रडारड चाललेली आणि आबा बोळात टेप लावून उभे. मला असा संताप आला, की हाताला धरून बाहेर काढावं. ते शांतपणे म्हणाले, "मिलिंदराव, पुढच्या दारानं तिरडी वळणार न्हाई. मागून घ्या." मागून घेतली. पुढून खरंच वळली नसती. दारात अडकली असती आणि आईला ते बघावं लागलं असतं. तेव्हापासून मी त्यांच्यावर चिडतो, पण त्यांचं ऐकून घेतल्यावर चिडतो.

वसमतला हळदीच्या बाजारामागे आमची गल्ली आहे. आबांचं घर माझ्या घरासमोर. त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या चार खोल्या, वर पत्रे. त्यातल्या दोन आबांच्या, दोन धाकट्या भावाच्या, म्हणजे प्रल्हादकाकांच्या, आणि मध्ये नऊ इंची भिंत. वाटणीच्या दिवशी ती रेघ आबांनी स्वतः मोजून मारली. प्रल्हादकाका साखर कारखान्यात फिटर होते, हसरा माणूस. ते म्हणाले, "दादा, तू म्हणशील ती खोली मी सोडली असती. तू टेप काढलास, तिथंच वाटणी झाली. आता भिंत कुठंबी घाल." हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्यानंतर अठरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

वाटणीच्या बॉण्डपेपरवर आबांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, की एकाची वायर, नळी, पन्हाळ, खुंटी किंवा झाडाची फांदी दुसऱ्याच्या हद्दीत जाणार नाही. आबांच्या अंगणातल्या शेवग्याची फांदी भिंतीवर वाकली की ते तिला दोरीनं मागे ओढून बांधत. तरी शेंगा नेमक्या पलीकडे पडायच्या. त्या परत मागायचं कलम बॉण्डवर नव्हतं, आणि दोरी जरा ढिली बांधू नये हेही कुठं लिहिलेलं नव्हतं.

आबांची बायको वारली, मुलगी परभणीला दिली. प्रल्हादकाकांची बायको नातवंडं सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा उरला.

सकाळी प्रल्हादकाका उठले की मोरीत खोकायचे. कारखान्यात उसाच्या भुशानं धरलेला जुना खोकला, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. खोकला थांबला की आबा आपली खिडकी धाडकन लावायचे. रोज. लोक म्हणायचे, बघा, वयं झाली तरी खुन्नस जात नाही. मीही म्हणायचो.

मग आबांचे कान गेले. आधी ते मान्यच करेनात. गल्लीतली माणसंच हळू बोलायला लागलीत, असं त्यांचं म्हणणं. कानाचं यंत्र आणलं ते दोन दिवसांत डबीत गेलं. "त्यात नुसता पंखाच ऐकू येऊन राहिला," म्हणाले. खिडकी वाजायची थांबली. प्रल्हादकाका खोकत राहिले.

मी इथल्या एका कॉलेजात कार्यालयात काम करतो, त्यामुळे गल्लीच्या हिशेबी मी कम्प्युटरवाला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आबा माझ्याकडे आले. मोबाइलवर मी वायफाय निवडत होतो, तर यादीत इंग्रजीत 'प्रल्हाद' असं नाव आलं. आबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हा काहून इथं?"

"त्यांच्या मुलानं नेट बसवून दिलंय, आबा. मशीन चालू असलं की आसपास नाव दिसतं," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"बंद केलं तर?"

"नाव जातं. रात्री नसतं कधी. झोपताना सगळी बटणं बंद करत असतील, कारखान्यातली सवय."

"आन् उठल्यावर चालू?"

"उठल्यावर चालू."

आबांनी नावावरचं बोट उचललं. मी त्यांच्या जिवंतपणाचा दाखला काढून दिला आणि विसरून गेलो. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाचं असंच होतं.

आठ दिवसांनी आबा एसटीनं नांदेडला जाऊन यूएसबीचा वायफाय अडॅप्टर घेऊन आले. अंगठ्याएवढा काळा तुकडा आणि त्याला करंगळीएवढा अँटेना. मुलीनं कधीतरी दिलेला एक जुना डबडा कम्प्युटर त्यांच्याकडे होता; त्यावर ते एकट्यानं पत्त्यांचा डाव मांडायचे. त्याला हा तुकडा बसवायचा होता. आधी टेप निघाला. "चार सेंटिमीटर," आबा म्हणाले. "येवढ्याशानं भिंतीपल्याडचं दिसंल?"

बसवणं सोपं नव्हतं. खोक्यात ड्रायव्हरची सीडी होती, पण कम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडेना. पिनेनं उघडला तर आत मेलेलं झुरळ. शेवटी माझा मोबाइल वायरीनं जोडून ड्रायव्हर उतरवून घेतला. पुढच्या खाचेत अडॅप्टर ढिला बसायचा, मागच्या खाचेत लावला तर कम्प्युटर त्याला ओळखेना, पिवळं चिन्ह दाखवून बसला. तीनदा बंद-चालू केला. आबा शेजारी स्टुलावर, हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात बसावं तसे बसलेले. चौथ्यांदा हिरवा दिवा लुकलुकला आणि गल्लीतली नावं एकाखाली एक उतरली. 'प्रल्हाद' सगळ्यांत खाली, सिग्नलच्या एका काडीवर.

"मध्ये लोखंडी कपाट आहे. अडॅप्टर भिंतीजवळ न्यावा लागेल," मी म्हणालो, आणि आबांचा चेहरा पडला. त्यांनी ट्रंकेतून बॉण्डपेपर काढला. चष्मा पुसून कलम वाचलं.

"लहरी भिंत ओलांडतात का?"

"हो."

"कुणीकडून कुणीकडं?"

मी जरा विचार केला. खरं म्हणजे दोन्हीकडून. पण बोललो, "त्यांच्याकडून तुमच्याकडं."

"मंग ओलांडणारा तो हाय. आपुन न्हाई." त्यांनी कागदाची घडी घातली. "आन् हवेची वाटणी कुठं झाली व्हती?"

यूएसबीची लांब वायर लावून अडॅप्टर खिळ्याला टांगला. खिळा भिंतीत नाही, कपाटामागे उभ्या केलेल्या लाकडी फळीत. भिंतीपासून चार बोटं अलीकडे, टेपनं मोजून. तीन काड्या आल्या. मी म्हणालो, "आता काकांकडून पासवर्ड आणतो."

"कशाला?"

"नेट चालायला नको?"

"नेट कुनी मागितलं?"

मी कपाळावर हात मारला. आख्खी दुपार त्या डबड्यात घालवल्यावर कुणीही मारला असता.

पुढं एकदा सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र आणायला गेलो. आबा कम्प्युटरसमोर बसले होते. यादीत पाच-सहा नावं, पण 'प्रल्हाद' नव्हतं. आबा पडद्याकडे बघत होते, मला त्यांनी पाहिलंच नाही. सात वाजून गेले. चहा कपात गार होऊन त्यावर साय धरलेली. तेवढ्यात ते नाव उमटलं. आबांचे खांदे खाली आले. "उठला," ते स्वतःशी म्हणाले, मोजणीच्या जुन्या वहीत वेळ लिहिली, कम्प्युटर बंद केला आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला. मी वर्तमानपत्र न घेताच परतलो. इतकी वर्षं ती खिडकी का वाजत होती, ते मला त्या दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

त्याच महिन्यात प्रल्हादकाकांनी मला बसस्टँडजवळ गाठलं. इकडचं-तिकडचं बोलून हळूच म्हणाले, "दादाला काही तकलीफ हाय का? मी खोकून खोकून राहिलो, पर खिडकी वाजत न्हाई आता."

मी त्यांना कानांचं सांगितलं. अडॅप्टरचंही सांगितलं. तुम्ही मशीन कधी सहाला लावता, कधी आठला, आणि आबा तोवर चहा पीत नाहीत, हेही सांगितलं. खरं तर अशा गोष्टी सांगायच्या नसतात. काका बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. 

दुसऱ्या दिवसापासून नाव सहाच्या ठोक्याला यायला लागलं. रोज, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. आबा खूश. "यंत्र आता बराबर बसलं," ते मला म्हणाले. "नवी वस्तू हाय, रुळायला टाइम लागतो." मी मान हलवली. दोन वर्षं मी मान हलवत राहिलो.

यंदा थंडीत एका सकाळी आबा माझ्या दारात. स्वेटर उलटा घातलेला. "यंत्र बिघडलं. चला."

मी गेलो. दिवा हिरवा होता. गल्लीतली सगळी नावं होती, एक सोडून. वीज होती. माझ्या मोबाइलवरही ते नाव नव्हतं.

"आबा, अडॅप्टर चांगला आहे."

"ड्रायव्हर पुन्हा टाका."

मी काढून पुन्हा टाकला. नाव आलं नाही.

"दुसऱ्या छिद्रात लावा."

लावला. मग आबांनी खिळ्यावरचा अडॅप्टर काढला आणि भिंतीला टेकवून धरला. चार बोटं सोडली नाहीत, काही मोजलं नाही.  "पुन्हा टाका," ते म्हणाले. मी पुन्हा टाकला. तो अर्धा तास मला अजून सलतो. कळत होतं, आणि मी कळत नसल्यासारखा बटणं दाबत होतो, कारण तोवर बिघाड फक्त त्या चार सेंटिमीटरच्या तुकड्यात होता.

शेवटी मीच उठलो. पलीकडचं दार आतून नुसतं लोटलेलं होतं, ढकलल्यावर उघडलं. प्रल्हादकाका खाटेवर होते, गोधडी गळ्यापर्यंत घेतलेली. रात्रीच कधीतरी झोपेत गेले असावेत. उशाजवळ गजराचं घड्याळ होतं, सहाला पाच कमी असताना वाजणारं.

बाहेर आलो तर आबा अंगणात, भिंत जिथं संपते तिथं उभे. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बटण बंद हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. अठरा वर्षांनी आबा त्या उंबऱ्याच्या आत गेले.

पुण्याची माणसं आली, दिवस केले, किल्ली आबांकडे ठेवून गेली. नेट लगेच बंद झालं. मला वाटलं, आता आबा तो अडॅप्टर काढून टाकतील.

परवा सकाळी सहाला दार उघडलं तर आबा प्रल्हादकाकांच्या घरातून बाहेर पडत होते. कुलूप लावलं आणि घाईघाईनं आपल्या घरात शिरले. मी मागोमाग गेलो. कम्प्युटर आधीच चालू करून ठेवलेला.

"आबा, नेट बंद झालंय," मी कानाशी म्हणालो. "पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. हवं तर मशीन रिसेट करून देतो."

"रिसेट केल्यावर नाव ऱ्हातं का?"

"नाही. कंपनीचं येतं."

"मंग हात लावू नका."

सदऱ्याच्या खिशात टेप नव्हता. मला राहवलं नाही. दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी सांगून टाकलं; बसस्टँडवरचं, खिडकीचं, आणि सहाच्या ठोक्याचं. आबांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"म्हंजे यंत्र सुधारलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"माह्यासाठी उठत व्हता."

"हो."

पडद्यावर एकेक करून नावं येत होती. सगळ्यांत शेवटी ते आलं, तीन काड्यांवर.

"उठला," आबा म्हणाले. त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि चहा ठेवायला आत गेले.