लमीसच्या लग्नातली बॅटरी

"गाडी माझी, मुलगी माझी! माझी मुलगी माझ्या दारातून माझ्याच गाडीत बसून निघेल!"

भर बैठकीत, व्याह्यांच्या समोर, मी छाती ठोकून हे सांगितलं. सैदा ते बैरूत अशी तीस वर्षं जी मर्सिडीज टॅक्सी म्हणून चालवली, तिच्यावर माझा बायकोपेक्षा जास्त विश्वास! जावयाचे काका हाजी मिस्बाह आपली नवीकोरी पांढरी गाडी घेऊन जा म्हणत होते. जहाजाएवढी गाडी! त्यांनी गोड हसून विचारलं, "आणि ऐन वेळी सुरू नाही झाली, तर?"

"तर लमीस तुमच्या गाडीतून जाईल आणि मी मागून चालत येईन!"

लग्नाच्या दिवशी सकाळी मी किल्ली फिरवली. टक्! आमच्याकडची म्हातारी माणसं 'नाही' म्हणताना भुवया उडवून जीभ टाळूवर वाजवतात ना, अगदी तस्सं. पुन्हा फिरवली. टक्! टॅक्सी बंद केल्यापासून गाडी झाकून ठेवली होती. बॅटरी पार मेली होती.

पण मी घाबरलो नाही. माझ्या नायिफने हॅम्बुर्गहून एक ऑटोमॅटिक चार्जर पाठवला होता. "बाबा, हे यंत्र स्वतःच विचार करतं," तो म्हणाला होता. "चिमटे लावा आणि विसरून जा."

खाली वीज नाही, म्हणून ती धोंड्यासारखी बॅटरी छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावर आणली आणि गॅलरीत ठेवून चिमटे लावले. यंत्रावर दिव्यांची रांग होती. पहिला लागला, तपासणीचा. मग दुसरा. शेवटचा हिरवा लागला की झालं! मी कॉफी ओतून घेतली.

तेवढ्यात घर अंधारलं. सगळे दिवे विझले.

"काय झालं?" मी ओरडलो.

"काय होणार? मी इस्त्री लावली!" आतून उम्म नायिफ, माझी बायको, ओरडली.

सरकारी वीज आमच्याकडे रुसलेल्या सुनेसारखी, मनात येईल तेव्हा येते. बाकी सगळा कारभार गल्लीतल्या जनरेटरवर. त्याची आमची वर्गणी पाच अँपिअरची. इस्त्री आणि फ्रिज एकदम लागले की जिन्याखालचा खटका पडलाच! मी तीन मजले उतरलो, खटका वर केला, धापा टाकत परत आलो. बघतो तर यंत्राने पुन्हा पहिला दिवा लावलेला! वीज गेली की हे शहाणं यंत्र सगळं विसरून पहिलीपासून शिकायला बसतं. जर्मनीत वीज जात नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

तिसऱ्यांदा खटका पडला तेव्हा माझे गुडघे वाजायला लागले आणि डोळ्यांसमोर ती पांढरी गाडी उभी राहिली. मी घरात हुकूम काढला. इस्त्री बंद! फ्रिज बंद! किटली बंद!

"अहो, वऱ्हाडाला चहा?"

"सरबत द्या!"

इतक्यात नवरीचे केस करायला मादलेन आली. तिने लमीसचे केस धुतले आणि पिशवीतून केस वाळवायचं मशीन काढलं. मी वाघासारखी झेप घेऊन त्याची वायर धरली.

"अबू नायिफ, सोडा!" मादलेन किंचाळली. "नवरीच्या डोक्यातून पाणी गळतंय!"

"उन्हात बसव तिला!"

"बाबा!" लमीस रडकुंडीला आली. "लग्न माझं आहे की बॅटरीचं?"

"तुझ्यासाठीच चाललंय बाळा! हाजी मिस्बाहच्या गाडीतून जायचंय का तुला?"

"मी गाढवावरून जाईन! पण कोरड्या केसांनी जाईन!"

शेवटी दोघी टॉवेल घेऊन गच्चीवर गेल्या. मादलेन जाताना मला जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. मी यंत्रासमोर असा बसलो, जसा बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलो होतो. आणि दुपार कलता कलता लागला की हो, हिरवा दिवा!

बॅटरी खाली नेली, बसवली, किल्ली फिरवली. अहाहा! पहिल्या झटक्यात गाडी गुरगुरली! मी तिच्या बॉनेटचा मुकाच घेतला. आता काही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही, असं मी ठरवलं. काय नेम, पुन्हा टक् म्हणाली तर?

वऱ्हाड आलं. ढोल वाजले. हाजी मिस्बाहांनी माझ्या चालू गाडीकडे बघून तोंड वाकडं केलं. माझा जीव भांड्यात पडला. पण नवरी कुठंय?

"ऊन गेलं, जनरेटरही गेला, केस अजून ओलेच आहेत!" गच्चीवरून उत्तर आलं.

गाडी गुरगुरत राहिली. ढोलवाले थकून पायरीवर बसले. गाडी गुरगुरत राहिली. शेवटी लमीस खाली उतरली, वरून परी, मानेमागे अजून ओली. बायकांनी जीभ हलवत आनंदाच्या लकेरी घेतल्या, मी दार उघडलं, ती बसली, आणि गाडीने एक उचकी दिली. आणखी एक. बंद.

किल्ली फिरवली. बॅटरी काय जोरात होती म्हणता! घर्रर्र घर्रर्र! विमानसुद्धा सुरू केलं असतं तिने. पण लग्नाचा हॉल जवळच म्हणून टाकीत मी पेट्रोल घातलं होतं चमचाभर, आणि तेवढं उभ्या उभ्या जळून गेलं होतं!

"अबू नायिफ," हाजी मिस्बाह म्हणाले, "चालायचे बूट घातलेत ना?"

"मी बाबांच्या गाडीतून उतरणार नाही!" मागून लमीस कडाडली. माझीच पोर!

मग हाजींनीच दोर काढला. पुढे त्यांची पांढरी गाडी, मागे दोराला बांधलेली माझी, अशी वरात समुद्राकाठाने निघाली. इंजिन नसलं म्हणून काय झालं? बॅटरी तर माझी होती! हॉर्न दाबून धरला, सगळे दिवे लावले, रेडिओ मोठा केला.

"बाबा, पंखा लावा, पंखा!" लमीसने मान पुढे केली आणि गाडीच्या पंख्यासमोर केस मोकळे सोडले.

हॉलच्या दाराशी पोचलो तोवर कुणीतरी डबाभर पेट्रोल आणलं होतं. सगळं वऱ्हाड गोळा झालं. मी टाकी भरली, हाजी मिस्बाहांकडे तिरकं बघितलं, ऐटीत किल्ली फिरवली.

टक्!

हसा, हसा. पण बॅटरी वाया गेली असं कुणी म्हणायचं नाही. लग्नाचे फोटो बघा. लमीसचे केस कसे छान वाळलेत!