कापूस घालून गाणं ऐकणारा प्रल्हाद

आमच्या गोरेगावात लोक गाणी कानांनी ऐकतात. प्रल्हाद रामटेके मात्र दोन्ही कानांत कापूस कोंबून ऐकायचा. जीपच्या मागच्या सीटवर मांडी घालून, डोळे मिटून बसायचा आणि गाणं संपलं की निकाल द्यायचा, "बुडाले लागलं नाही, मास्तर. गाणं बेकार!"

हा माझा शेजारी. गोरेगाव ते गोंदिया जीपमधून सवाऱ्या न्यायचा. मोबाइल नुकते खिशात आले होते, तेव्हाची गोष्ट. जीपचं एक दार सुतळीनं बांधलेलं. पण सीटखाली सबवूफर, म्हणजे नुसता ढम्म ढम्म करणारा दांडगा स्पीकर, आणि त्याला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर! गोंदियाच्या सवाऱ्या ओरडायच्या, "भैया, पेट में गुडगुड हो रहा है!" एवढं ऐकलं की प्रल्हाद खूश.

त्या साली चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्याची जीप सगळ्यांत पुढे राहणार होती. झालं, गड्याच्या अंगात आलं! एकानं भागेना म्हणून त्याच जातीचा दुसरा सबवूफर आणून शेजारी जोडला. जीप हादरली, आमच्या मांडणीवरचे पेले खाली आले आणि अ‍ॅम्प्लिफायर तापून, लाल दिवा लावून गप्प बसला.

"काऊन रे, मेला का?" मी विचारलं.

"मेला नाही जी, रुसला. एक स्पीकर चार ओमचा, म्हणजे करंटले तेवढा अडवते. दोघं शेजारी जोडले त दोनच ओम उरते. अडवणारा कमी, मंग मशीन धावू धावू तापते. याले चारच पाहिजे!"

मग त्यानं दोघांना एकामागं एक जोडलं. आता आठ ओम झाले, अडवणारा दुप्पट. मशीन थंड, आवाज गोड, पण दणका नरम. सगळी आळी माना डोलवू लागली. प्रल्हाद कापूस कोंबून सीटवर बसला आणि तोंड पाडून उठला.

"अरे, छान ऐकू येतंय की!" मी म्हणालो.

"तुम्हाले येते जी," तो एवढंच बोलला.

मिरवणूक तोंडावर आली होती. ओम मोजायचा मीटर खिशात घालून तो मलाही गोंदियाला घेऊन गेला. दुकानातला एकेक स्पीकर मोजून पाहू लागला. दुकानदार वैतागला, "भैया, खरीदना है कि शादी करनी है?" अखेर आपले दोन्ही बदलून त्यानं दोन-दोन ओमचे घेतले. घरी आल्याबरोबर एकामागं एक जोडले आणि ओरडला, "दोन अन् दोन?"

"चार!" आळीतल्या बायकासुद्धा ओरडल्या.

काय दणका उडाला म्हणून सांगू! माझ्या पायाखालची फरशी थरथरली. प्रल्हादनं तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला. "ताप नाही जी! बुडाले लागलं!" असं म्हणत तो अंगणात नाचला.

चौदा तारखेला विहारासमोर जीप उभी राहिली. प्रल्हाद घरात गेला आणि आपल्या म्हाताऱ्या मायला हात धरून घेऊन आला. ही सुभद्राबाई एके काळी जयंतीला गाणं उचलायची आणि मागून अख्खी वस्ती गायची. पुढे कान साफ गेले. आदल्या वर्षीच्या जयंतीला तिनं गाणं उचललं, ठेका चुकला, पोरी फिदीफिदी हसल्या. ती अर्ध्यावर खाली बसली, ती पुन्हा गायली नव्हती.

"मले कायले नेऊन राहिला रे? मले का आयकू येते?" माय कुरकुरली.

त्यानं तिला मागच्या सीटवर बसवलं, तिचे दोन्ही तळवे सीटवर टेकवले आणि गाणं लावलं. माय दचकली. मग तिचं पाऊल हलू लागलं. मान हलू लागली. आणि एकाएकी तिनं आवाज लावला. आवाज म्हातारा, चिरका, पण ठेक्यावर पक्का बसलेला. त्याच पोरी तिच्या मागून गाऊ लागल्या.

प्रल्हाद स्टिअरिंगवर पाठमोरा बसला होता. त्यानं दोन्ही कानांतला कापूस काढला आणि रस्त्यावर फेकून दिला.