करंजाच्या तेलावरची गाडी

हिवाळा लागला की आमच्या शेजारचे भटू नाना घरातली सगळ्यात जाड गोधडी बाहेर काढत आणि ती आपल्या ट्रकच्या डिझेलच्या टाकीला पांघरत. स्वतः मात्र साध्या चादरीत कुडकुडत. कुणी हसलं तर म्हणत, "तिले थंडी लागस भाऊ. मनं काय?"

याचं कारण असं, की ही गाडी निव्वळ डिझेलवर नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून नाना करंजाच्या बिया आणत, घाण्यावर तेल काढून घेत आणि ते डिझेलमध्ये मिसळत. खरजेवर लावतात ते हे तेल. गाडी गल्लीतून गेली की मागे असा वास राही, की माझी बायको वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला काढी. "नाना, तुमच्या गाडीला खरूज व्हायची नाही एवढं नक्की," असं मी एकदा म्हटलं. त्यांनी ते कौतुक समजून मला चहा पाजला.

करंजाचं तेल गारठ्यात थिजतं आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतं. तेव्हा वापरायचंच तर ते उन्हाळ्यात वापरावं. नानांचं सगळं उलटं. मे महिन्यात गाडी साध्या डिझेलवर, आणि थंडी पडली की टाकीत करंज. मग भल्या सकाळी सेल्फचं रडगाणं, मग मला हाका, मग धक्का. धुळ्यातल्या लोकांना हिवाळा म्हटलं की वांग्याचं भरीत आठवतं, मला नानांच्या गाडीचा मागचा फाळका आठवतो. ऑफिसात पोचायच्या आधीच मी दमलेला असे.

मेस्त्री समजावून थकला, मीही थकलो. नानांचं उत्तर ठरलेलं, "ऊन पडू द्या, बठ्ठं पातळ व्हई जाई."

एका हिवाळ्यात माझ्या मेहुण्याचं लग्न शाजापूरला निघालं. बायको आधीच गेली होती. मला साहेबांनी रजा दिली ती अगदी आदल्या दिवशी. नाना शिरपूरची केळी भरून ग्वाल्हेरला निघाले होते, वाट तीच होती, म्हणून त्यांच्याबरोबर बसलो. नवल म्हणजे त्या खेपेला टाकीत करंजाचा थेंब नव्हता आणि गाडी शहाण्यासारखी पळत होती. मेस्त्रीचं बोलणं शेवटी डोक्यात शिरलं म्हणायचं, असं मला वाटलं.

संध्याकाळी देवासच्या थोडं अलीकडे नानांनी गाडी कडेला घेतली, सीटमागून डबा ओढला आणि अख्खा डबा टाकीत रिकामा केला. वासावरूनच कळलं.

"नाना, इथे धुळ्यापेक्षा जास्त गारठा आहे. सकाळी गाडी हलायची नाही. आणि मला उद्या लग्न गाठायचंय."

"देखू," एवढंच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

देवासला नानांची एकुलती एक लेक दिलेली, सुमन. गाडी तिच्या दारासमोर लागली. नानांनी पापडांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. पाणी आलं, नको म्हणाले. जेवायलाही आत आले नाहीत, दोघांच्या वाट्याचं मीच जेवलो. ते केबिनमध्ये बांधून आणलेली भाकर खाऊन झोपले.

सकाळी गाडी अर्थातच निघेना. "ऊन पडेपर्यंत काय करणार? बसा अंगणात," सुमनच्या सासूबाई म्हणाल्या. नाना बाजेवर बसले. समोर सुमन वाटाणे सोलायला बसली आणि नाना बोलायला लागले. गल्लीत कोण वारलं, कुणाच्या म्हशीनं कुणाचं अंगण तुडवलं, माझी बायको कपडे दोनदा कशी धुते. घरी दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस थांबेना. सुमन तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

मी त्यांना फिल्टर दाखवायच्या निमित्तानं गाडीमागे नेलं आणि चिडूनच विचारलं, हे मुद्दाम करता ना?

नाना म्हणाले, "तिनी माय गयी, आते मी एकलाच शे. पोरीले अजून लेकरू नही. तिना घरनं पानी माले चालत नही. बिनाकामना बाप दारमा कितला येळ बशी, तुम्हीच सांगा."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत मलाही माहीत होती. ती एका माणसाला अशी जाचत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. धुळ्यातले माझे सकाळचे धक्के म्हणजे देवासहून परतताना टाकीत उरलेलं तेल, हेही तेव्हा उमगलं. रागवायला काही उरलंच नाही.

नाना परत बाजेवर जाऊन बसले. ऊन वर आलं. मी टाकीला हात लावला, चांगली कोमट लागली. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "काय हो, होईल का आता सुरू?"

नाना खाली वाकून चपला शोधायला लागले. सुमनचे वाटाणे केव्हाच संपले होते, ती नुसतीच सालं चाळत बसली होती. तिकडे शाजापूरला मांडवाच्या तोंडाशी बायको माझ्या नावानं बोटं मोडत असणार.

"छे," मी म्हणालो. "दुपारपर्यंत तरी काही खरं नाही."

आणि मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलो.