नावाचा रकाना

आमच्या वरच्या मजल्यावरचे राऊतकाका कोथिंबीर मागायला आले, की आधी तिची चतुःसीमा सांगतात.

"पूर्वेस मिक्सर, पश्चिमेस तांदळाचा डबा, उत्तरेस खिडकी," दारातूनच स्वयंपाकघरात नजर टाकून ते म्हणतात, "आनि दक्षिनेस तुम्ही स्वतः, वहिनी. त्यामधली जी हिरवी जुडी, तिच्यातल्या चार काड्या."

माझी बायको सुनीता सुरुवातीला हसायची. आता ती चार काड्या देते आणि दार लावून घेते.

राऊतकाका म्हणजे मोरेश्वर राऊत, निवृत्त सरकारी मोजणीदार. वसई तालुक्यात बोळिंजपासून भुईगावच्या वाड्यांपर्यंत असा एक बांध नाही, जिथे त्यांची मोजणीची साखळी पडली नाही. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते आमच्या सोसायटीकडे वळले. पार्किंग मोजून त्यांनी जाहीर केलं, की माझी स्कूटर शेजारच्या डिमेलोंच्या हद्दीत चार बोटं घुसली आहे. हे तोवर मलाही माहीत नव्हतं आणि डिमेलोंनाही. त्यानंतर मात्र आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांशी बोललो नाही.

सोसायटी उभी आहे ती जमीनही मूळची राऊतांचीच भातशेती. तिच्या बदल्यात त्यांना वरचा फ्लॅट मिळाला. "तुमचं न्हानीघर आमच्या उत्तर बांधावर येतं, संपादक," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. तेव्हापासून आंघोळ करताना मला कुणाच्या तरी शेतात उभं असल्यासारखं वाटतं.

संपादक हे त्यांनी मला दिलेलं नाव. मी सातिवलीला खोके छापणाऱ्या एका कारखान्यात खोक्यांवरचा मजकूर तपासतो. "थंड व कोरड्या जागी ठेवा" यात चूक नाही ना, हे बघणं माझं काम. एवढ्या पात्रतेवर सोसायटीने गणपतीतल्या वार्षिक स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात घातलं.

काकांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "नोंद नाय ती वस्तू नाय." दुसरं, "आधी हद्द, मग नाव." जमीन मोजताना आधी सीमा आखायची आणि मालकाचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, अशी त्यांची पद्धत होती. या दुसऱ्या वाक्याने माझी दोन वर्षं खाल्ली.

दोष माझाच आहे. चार वर्षांपूर्वी हिराकाकू, म्हणजे काकांची पत्नी, गेल्या. मुलगा आणि सून कॅनडात. काका दिवसभर जिन्याच्या पायऱ्या मोजत बसायचे. तिसऱ्या मजल्यावरची एक पायरी पाऊण इंच बुटकी निघाली, तर त्यांनी सोळा घरांच्या घंटा वाजवून ती बातमी दिली. त्यांचं मन रमावं म्हणून मी एकदा वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधे सेरेस नावाचा एक बटुग्रह आहे. यानाने त्याचे फोटो काढले, तर अंगभर खड्डे. आणि त्या खड्ड्यांना जगभरातल्या शेतीच्या देवांची नावं देतात.

बुद्धिबळ सुचवता आलं असतं. सकाळी फिरायला जा, म्हणता आलं असतं.

"नावं कोन देतं?" काकांनी विचारलं.

"जागतिक समिती आहे."

"अर्ज करता येतो?"

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसासमोर मी "येतो" म्हणालो.

दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला ते बटर पेपर, शिसपेन्सिल आणि भिंग घेऊन हजर. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बटर पेपर ठेवून ते खड्डे गिरवायला लागले. पडद्यावर त्या पेन्सिलीचे ओरखडे अजून आहेत. ऑफिसचं काम करताना प्रत्येक खोक्यावर मला सेरेसचा दक्षिण गोलार्ध दिसतो.

मंजूर नावांची यादी त्यांनी पाठ केली. तिथल्या सगळ्यात उंच डोंगराला नागालँडच्या सुगीच्या सणाचं नाव आहे, हे कळल्यावर ते खूश झाले आणि लगेच चिडले. "नागालँडला डोंगर, आनि वसई तालुक्याला एक खड्डासुद्धा नाय?"

"तालुक्यात खड्डे कमी आहेत का काका?" मी म्हणालो. ते हसले नाहीत.

एका डोंगराला आधी वांग्याच्या सणाचं नाव होतं आणि नंतर ते बदललं, असं वाचण्यात आलं. काका उठून उभेच राहिले. "फेरफार झाला! बघा! नोंद कच्ची असली की असं होतं. आपली पक्की करायची."

"पण भारतातली उर्वरा आहे की तिथे. चांगला मोठा खड्डा आहे तिच्या नावाचा."

"ती पुस्तकातली देवी. चिखलात कधी उतरल्येय ती?"

त्यांना नोंदवायचा होता तो त्यांच्या शेतातला देव. तो म्हणजे बांधावरचा एक दगड, नारळाएवढा. बांधकामाचं यंत्र यायच्या आदल्या दिवशी हिराकाकूंनी तो पदरात घालून आणला. तेव्हापासून तो त्यांच्या गॅलरीतल्या चौकोनी कुंडीत आहे. पेरणीच्या दिवसांत काकू त्या कुंडीत मूठभर भात पेरायच्या, दगडाला पाणी घालायच्या आणि त्याचं नाव ओठांतल्या ओठांत घ्यायच्या.

या देवासाठी काकांनी एक बिननावाचा, पाचेक किलोमीटर रुंदीचा खड्डा निवडला. "आख्खं बोळिंज बसेल. नालासोपारा बाहेर ठेवता येईल." निवडीचं कारण असं, की त्या खड्ड्याची उत्तरेकडची कड जरा खचली आहे. त्यांच्या शेताचा उत्तर बांध तसाच होता. जुना नकाशा आणि बटर पेपर एकावर एक ठेवून त्यांनी मला पाऊण तास ते पटवलं.

मग अर्ज. समितीला देवाचं नाव लागतं, तो कुणाचा, कुठला, त्याचा शेतीशी काय संबंध, ते लागतं. मी इंग्रजीत लिहायचो, मराठीत वाचून दाखवायचो, ते दुरुस्त्या सांगायचे. देवाच्या वर्णनाला एकदा चतुःसीमा जोडली, एकदा काढली. पण पहिला रकाना होता नावाचा, आणि तो रिकामा.

"काका, नाव?"

"आधी हद्द, मग नाव. ते शेवटी भरू."

असे बावीस मसुदे झाले.

सुनीता म्हणायची, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आपला रविवार त्या ग्रहावर जातो."

नाही म्हणता येत नव्हतं, त्याला कारण होतं. ते मी तिलाही सांगितलं नव्हतं.

हिराकाकू गेल्या त्याच वर्षी, गणपतीच्या आधी, एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या होत्या. हातात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांची ताटली. मी स्मरणिकेच्या शेवटच्या पानांशी झगडत होतो. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पुस्तक छापता ना? आमच्या देवाचं नाव लिहून घेता? मी सांगते. सूनबाई काय आता येत नाय इकडं. म्हटलं, कागदावर राहील."

मी मान वर करून म्हणालो, "काकू, अंक परवा छापायला जातोय. दिवाळीनंतर निवांत बसू."

"बसू की," त्या म्हणाल्या. ताटली ठेवून गेल्या. दिवाळीच्या दहा दिवस आधी झोपेतच गेल्या.

त्या स्मरणिकेत शेवटचं अर्धं पान उरलं होतं. तिथे मी एका टाइल्सच्या दुकानाची जाहिरात दुसऱ्यांदा छापली.

काकूंना शब्द देऊन राहिलेलं काम काकांकडून पुरं करून घ्यावं, एवढाच माझा हिशेब होता. नवऱ्याला देवाचं नाव ठाऊक असणारच, याबद्दल मला शंका नव्हती.

तेविसाव्या मसुद्याच्या रविवारी सुनीताच्या भावाची वास्तुशांत होती. आम्हाला नऊला निघायचं होतं. साडेआठला काका आले आणि म्हणाले, देवाच्या वर्णनात "ओलसर जागेत राहणारा" आहे, तिथे "दमट" करा.

"इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, काका."

"मग दुसरा शोधा."

आतून सुनीताने बांगड्या वाजवल्या. माझा तोल गेला. "काका, बस झालं! दोन वर्षं झाली. तुम्हाला खड्ड्याची खोली तोंडपाठ, कडेचा उतार तोंडपाठ. आत्ताच्या आत्ता नाव सांगा, नाहीतर आजपासून हे बंद."

काकांनी बटर पेपरची गुंडाळी केली, तिला रबर लावलं.

"मला माहीत नाय," ते म्हणाले.

"काय माहीत नाही?"

"नाव." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आमच्यात सासू सुनेला सांगते, देवावर हात ठेवून. माझ्या आईनं हिराला सांगितलं. बहिनीलाही माहीत नाय, लेक दुसऱ्या घरी जाते म्हनून. आमच्या सुनेला फोनवर कसं सांगनार? पुरुषांनी देवापासून दोन हात मागं उभं राह्यचं. मी सेहेचाळीस वर्षं उभा राह्यलो. तिचे ओठ हलताना मागून गालावर दिसायचे." मग म्हणाले, "रीत होती म्हनून विचारलं नाय, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हनजे मला कधी विचारावंसं वाटलंच नाय. आख्ख्या तालुक्याची नोंद केली, संपादक. घरातली एक राह्यली."

"मग हे अर्ज कशासाठी करत होतो आपण?"

"वाटलं, बाकीचं सगळं बिनचूक भरलं की आठवेल. कधीतरी कानावर पडलं असेल."

सुनीता तयार होऊन दारात आली होती. तिच्यादेखतच मी सगळं सांगितलं. पातोळ्या, दिवाळीनंतर बसू, टाइल्सची जाहिरात. सांगताना वाटत होतं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काकांनी विचारलं, "कुठं उभी होती?"

"अं?"

"हिरा. सांगायला आली तेव्हा. चतुःसीमा सांगा."

सुनीताने पुढे होऊन उंबऱ्याकडे बोट केलं, "इथे ना?" मी मग एकेक सांगत गेलो. पूर्वेस चपलांचं कपाट. पश्चिमेस जिना. उत्तरेस भिंत, कॅलेंडरची. दक्षिणेस दाराची उघडी फळी.

काका त्या जागेवर जाऊन उभे राहिले. खाली पावलांकडे बघितलं, पाऊल जरा सरकवून घेतलं. "एवढं जवळ आलं होतं," ते म्हणाले.

आम्ही वास्तुशांतीला गेलो नाही. सुनीताने भावाला फोन करून माझं पोट बिघडल्याचं सांगितलं.

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. तिसऱ्या रविवारी मीच मसुदा घेऊन वर गेलो. रात्रभर विचार करून मी तोडगा काढला होता. "काका, रकान्यात काकूंचं नाव लिहू. हिरा. शेत त्यांनीच राखलं, देव त्यांनीच आणला."

काका भडकले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. "देवाचं नाव मागतात, बायकोचं नाय! ती काय देव होती? भाताच्या लावनीला सगळ्यांत उशिरा यायची! सदतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाय मी, आता आकाशात करू?"

"मग काय करायचं?"

"काय नाय करायचं. अर्ज फाडा. दर महिन्याला यादी तेवढी बघायची. त्या खड्ड्यावर दुसऱ्या कोनाचं नाव चढत नाय ना, एवढं बघायचं."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, साडेसातलाच, मी यादी उघडतो. ओरखड्यांच्या पलीकडून तो खड्डा शोधतो. सुनीता चहा ठेवता ठेवता विचारते, "मोकळा आहे ना?" मग मी वर जाऊन काकांना सांगतो.

या महिन्यात गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. काका गॅलरीत उभे होते. चौकोनी कुंडीत दगडाभोवती भाताची कोवळी रोपं आली होती, बोटभर. यंदा त्यांनीच पेरली असणार. पण ते कुंडीजवळ नव्हते. दोन हात मागे, भिंतीला पाठ लावून उभे होते.

"मोकळा आहे, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रोपं जवळून बघावी म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं, चांगलंच जोरात.

"संपादक, हद्द बघा जरा," ते म्हणाले. "तिथं ती उभी राहते."

मग आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो.